हवा दिली, वास गेला. मग टाकीत हा गाळ कुठून आला?

पत्र: नमस्कार ताई. आमचं घर कुडाळ तालुक्यात आहे. विहीर एप्रिलअखेर तळ गाठते म्हणून चार वर्षांपूर्वी २२० फुटांची बोअर मारली. पाणी भरपूर लागलं. पण येतं तेव्हा काचेसारखं नितळ आणि तासाभरात तांबडं. शिवाय कुजक्या अंड्यासारखा वास. चहा काळा, भात पिवळट, पांढरे कपडे तर वायाच गेले. गेल्या मे महिन्यात एका प्लंबरने गच्चीवर टाकीच्या वर शॉवर आणि भोकं पाडलेले तीन ट्रे बसवून दिले. हवा लागली की लोह आणि वास दोन्ही जातील, असं म्हणाला. वास दोन दिवसांत गेला. पण आता टाकीच्या तळाला चार बोटं तांबडा गाळ साचतो, फ्लशच्या टाकीत नारिंगी बुळबुळीत काहीतरी धरतं, नळाचं पाणी मधूनच दुधासारखं येतं, बेसिनमध्ये नळाखाली हिरवट निळा डाग पडला आहे. आणि हल्ली सकाळच्या पहिल्या पाण्याला पुन्हा वास येऊ लागलाय. सासूबाई म्हणतात, तो शॉवर काढून टाका, आधीचंच पाणी बरं होतं. माझे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांच्या घरच्या विहिरीला असंच यंत्र आहे, आणि ते म्हणतात की त्यातून घातक वायू निघतो, घरात सोडू नका. आम्ही काय करावं? बोअरचा आणि नळाचा, दोन्ही पाण्यांचे रिपोर्ट सोबत पाठवते.

उत्तर:

ताई, तुम्ही विचारलेल्या सगळ्याची उत्तरं देते, पण त्याआधी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टची शेवटची ओळ पुन्हा वाचा. नळाच्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, आढळले आहेत. बोअरच्या नमुन्यात ते नाहीत. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही असता कामा नये. तेव्हा आजपासून घरातल्या सगळ्यांना, आणि लहान मूल असेल तर आधी त्याला, खळखळून उकळलेलंच पाणी द्या. उकळल्यावर ते तांबडं होईल, बुडाशी साका बसेल. घाबरू नका, निवू द्या आणि चौपदरी धुतलेल्या फडक्यातून गाळून घ्या. पुढचं सगळं नीट होईपर्यंत हेच चालू ठेवा.

बोअरच्या पाण्यात जंतू नाहीत आणि नळाच्या पाण्यात आहेत, म्हणजे ते मधल्या वाटेवर शिरले. तुमच्याकडची मधली वाट म्हणजे उघडे ट्रे. पाण्याला हवा लागावी म्हणून आपण ते उघड्यावर ठेवतो, पण हवेबरोबर धूळ येते, पानं येतात, पाखरं येतात. मी पाणी तपासणीच्या कामात बावीस वर्षं काढली. एका घरी असेच ट्रे बघायला गच्चीवर गेले होते. वरच्या ट्रेत बांगड्याचा काटा पडलेला होता आणि त्याला थोडं मांस अजून चिकटलेलं होतं. कावळ्याने आणून धुतला असणार, कावळे खाणं पाण्यात बुडवून खातात. घरातलं धाकटं पोर महिनाभर जुलाबाने हैराण होतं आणि घरचे सगळे बोअरला दोष देत होते. त्या बोअरचं पाणी तपासलं तर त्यात जंतू नव्हते.

तर पहिलं काम ट्रे झाकायचं. चारी बाजूंनी डासांची बारीक जाळी आणि वर पत्र्याचं किंवा काळ्या प्लास्टिकचं छप्पर, असं की हवा खेळेल पण ऊन आणि पाखरू आत येणार नाही. ऊन लागलं की ट्रेवर शेवाळ धरतं. डासाचं तर विचारूच नका. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे उडते डास होतात. टाकीच्या झाकणाची आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाची फटही त्याच जाळीने बंद करा.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचा राग मला समजतो. आधी बोअरचं पाणी निदान दिसायला तरी स्वच्छ होतं, आणि आता घरभर तांबडं झालंय. पण शॉवरने नवीन काही पाण्यात घातलेलं नाही. बोअरमध्ये खोलवर हवा नसते, तिथे लोह साखरेसारखं विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. हवेतला ऑक्सिजन लागला की त्याचा गंज होतो आणि तो कणाकणाने पाण्याबाहेर पडतो. पूर्वी हेच तुमच्या चहाच्या कपात, भाताच्या पातेल्यात आणि धुण्याच्या बादलीत होत होतं, आता ते टाकीत होतं. हवा लोह काढत नाही, ती फक्त लोहाला पकडता येईल असं करते. पकडून बाहेर काढायचं काम वेगळं, आणि ते तुमच्याकडे कुणी बसवूनच दिलं नाही. तुमच्या बहुतेक तक्रारी तिथूनच आल्या आहेत.

गाळाचा हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्यात लिटरला ४.२ मिलिग्रॅम लोह आहे. भारतीय मानक २०१२ सालचं आहे, त्यात लोहाची मर्यादा आधी ०.३ होती आणि २०१५च्या दुरुस्तीने ती लिटरला १ मिलिग्रॅम झाली. म्हणजे तुमचं पाणी मर्यादेच्या चौपट. दिवसाला १००० लिटर पाणी चढवलं तर ४.२ ग्रॅम लोह गच्चीवर जातं. त्याचा गंज होताना वजन जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे सुका धरला तर रोज आठ ग्रॅम आणि वर्षाला सुमारे तीन किलो. ओला गाळ याच्या कितीतरी पट फुगलेला असतो, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. तुमची चार बोटं यातून आली. त्याला विष समजू नका. तुमच्या घराच्या चिऱ्यांना, जांभ्या दगडाला जो रंग आहे तो याच लोहाच्या गंजाचा. परसात एक खड्डा खणा आणि टाकी धुतलेलं पाणी त्यात सोडा. फक्त विहिरीजवळ किंवा वहाळात नको. (पश्चिम बंगालसारख्या ठिकाणी, जिथे भूजलात आर्सेनिक असतं, तिथे हा गाळ आर्सेनिकही धरून ठेवतो आणि मग तो असा कुठेही टाकता येत नाही.)

फ्लशच्या टाकीतली बुळबुळ वेगळी. ते लोहावर जगणारे जीवाणू आहेत. लोह आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की ते वाढतात, आणि शॉवरने त्यांना दोन्ही एका जागी मिळवून दिलं. हे जीवाणू माणसाला आजारी पाडत नाहीत, पण ते चिकट थर बांधतात, पाइप अरुंद करतात आणि बॉलकॉक अडकवतात. ट्रेमधल्या साठलेल्या पाण्यावर कधी तेलासारखा रंगीत तवंग दिसला तर काडीने डिवचून बघा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तवंग लोहाचा. पुन्हा जुळून आला तर खरोखरच तेल, मग मोटरचं सील बघायला हवं.

सकाळचा वास याच चिकट थराखालून येतो. थराच्या वर ऑक्सिजन असतो, पण खाली, पाइपाला चिकटलेल्या बाजूला, तो पोचत नाही. तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून पुन्हा तोच कुजक्या अंड्याचा वायू बनवतात. रात्रभर पाणी पाइपात थांबलं की वास साठतो आणि पहिल्या बादलीबरोबर बाहेर येतो. एक खात्री मात्र करून घ्या. वास फक्त गिझरच्या गरम पाण्याला येतो का? तसं असेल तर टाकीचा दोष नाही. गिझरच्या आत गंज रोखायला मॅग्नेशियमची कांडी असते, तिच्यामुळेही हा वास येतो. ती बदलून ॲल्युमिनियमची घालता येते.

दुधासारख्या पाण्यासाठी काचेच्या पेल्याएवढी सोपी तपासणी नाही. पेला भरा, ओट्यावर ठेवा आणि दोन मिनिटं बघत राहा. खालून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा. बारीक बुडबुडे वर चढून जातात, त्याने काही बिघडत नाही. तसंच पांढुरकं राहिलं तर ते गंधक. वासाचा वायू पूर्ण उडून न जाता अर्धवट जळला, म्हणजे ऑक्सिजनशी मिळाला, की गंधकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. तेही वाळूच्या फिल्टरमध्ये बरेचसे अडकतात. तुमच्याकडे मधूनच येतं आणि मधूनच नाही, त्यामुळे हवाच असावी असं मला वाटतं. टाकी भरत असताना नळ सोडला की असं होतं का, तेवढं पाहा.

हिरव्या निळ्या डागाची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच, म्हणजे सामू, ६.१ आहे. नळाला तो ६.५ येतो, कारण ट्रेमधून पडताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला. हा शॉवरचा फायदाच. मानकाप्रमाणे सामू ६.५ ते ८.५ हवा, तुम्ही काठावर आहात. जांभ्याच्या भागातलं पाणी असं मऊ आणि किंचित आंबट असतंच. पण आता त्यात ऑक्सिजनही भरलाय. आपल्या हवामानात पाणी लिटरला साधारण आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. तुमच्या ४.२ मिलिग्रॅम लोहाचा गंज व्हायला त्यातला ०.६ मिलिग्रॅमच लागतो. उरलेला सगळा पाइप, पितळी कॉक आणि गिझरच्या तांब्याकडे जातो. तो हिरवा डाग म्हणजे विरघळून आलेलं तांबं. पितळेत कधी कधी शिसंही असतं. म्हणून सकाळी पहिली बादली पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी घेऊ नका, ती झाडांना घाला.

सामूचं महत्त्व एवढ्यावर संपत नाही. लोहाचा गंज किती लवकर होणार हे जवळजवळ सगळं सामूवर ठरतं. सामू एकाने खाली आला की वेग शंभरपट मंदावतो. सात सामूला जे काम काही मिनिटांत उरकतं, त्याला सहा सामूला काही तास लागतात. तुमची मोटर टाकी भरते तेव्हाच खाली नळ चालू असतात. त्यामुळे अर्धं लोह विरघळलेलंच घरात उतरतं आणि बेसिनमध्ये, फ्लशमध्ये, कपड्यांवर जाऊन मग गंजतं. नळाच्या नमुन्यात अजून २.६ मिलिग्रॅम लोह आहे ते यामुळे.

इथे मला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरबद्दल बोलायला हवं, कारण जंतूंचं नाव वाचल्यावर तुम्ही तीच टाकायला जाल. आपल्याकडे सांगतात तसं १००० लिटरला ५ ग्रॅम टाकली, आणि पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरिनची असली, तर लिटरला १.६५ मिलिग्रॅम क्लोरिन मिळतं. विरघळलेलं एक मिलिग्रॅम लोह ०.६४ मिलिग्रॅम क्लोरिन खातं. टाकी भरल्या भरल्या पावडर टाकली तर तुमचं ४.२ मिलिग्रॅम लोह २.७ मिलिग्रॅम क्लोरिन मागणार. आहे १.६५. म्हणजे सगळं क्लोरिन लोहानेच खाल्लं, जंतूंसाठी काही उरलंच नाही. वर पाणी एकदम लाल झालं ते वेगळंच. टीसीएलने पाणी बिघडतं असं गावोगाव ऐकू येतं ते यामुळे, आणि मग लोक पावडर टाकायचंच बंद करतात. पावडर लोह काढून झाल्यावर, स्वच्छ पाण्यात टाकायची. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून क्लोरिन बघायची तपासणी, करायची. नळाला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन दिसलं पाहिजे.

आता करायचं काय. शॉवर राहू द्या. त्याच्यापुढचं अर्धं काम पुरं करू.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी हवा, मग सामू वाढवणं, मग गाळ बसू देणं, मग वाळू, आणि सगळ्यात शेवटी क्लोरिन. सामू आधी वाढवला तर वासाचा वायू पाण्यात बांधला जातो आणि शॉवरमधून उडत नाही. आंबट पाण्यातून तो सहज सुटतो, तुमच्याकडे दोन दिवसांत वास गेला त्याचं कारण तेच. कार्बन डायऑक्साइडही आधी उडवून टाकलेला बरा, म्हणजे पुढे सामू वाढवायला जी चुनखडी घालणार आहोत ती कमी झिजते.

मोटरचा कॉक थोडा दाबून टाकी दोन तासांत भरेल इतकी धार ठेवा. आता अर्ध्या-पाऊण तासात भरत असेल तर ट्रेवरून पाण्याचा लोंढा जातो आणि निम्म्या पाण्याला हवा लागतच नाही. कॉक फार दाबायचा नाही, मोटरवर ताण येईल. गरज पडली तर जादा पाणी बायपासने परत बोअरमध्ये सोडा, ते ट्रेवर पडण्याआधीचं हवं. ट्रेवरून आलेलं पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये खालून शिरू दे आणि वरून बाहेर पडू दे. ड्रम निम्म्याहून थोडा जास्त संगमरवराच्या तुकड्यांनी भरायचा. फरशीवाल्याकडे चिप्स मिळतात, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराच्या चालतील. घेताना लिंबू बरोबर न्या. चिपवर रस पिळला आणि बारीक फेस आला तर तो संगमरवर. फेस नाही आला तर ग्रॅनाइट किंवा दुसरं काही, ते उपयोगाचं नाही. संगमरवर म्हणजे चुनखडीच, ती आंबट पाण्यात हळूहळू विरघळून सामू सातच्या आसपास आणते, आणि पाणी मुळातच तसं झालं की पुढे ती आपोआप कमी विरघळते. कळीच्या चुन्यात तसं नसतं, हात थोडा जास्त पडला की पाणी जहाल होतं. तिसऱ्यांच्या शिंपल्यासुद्धा तीच वस्तू आहेत आणि तुमच्याकडे ढिगाने मिळतील, पण आत मांसाचा कण राहिला तरी नवा वास सुरू होईल, म्हणून संगमरवरच घ्या.

याचेही दोन त्रास सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला पत्र लिहावं लागणार नाही. पाण्याची कठीणता थोडी वाढते. तुमचं पाणी इतकं मऊ आहे की ते जाणवणार नाही. दुसरं, चिप्सवर तांबडा लेप चढतो आणि मग त्या काम करेनाशा होतात. महिन्यातून एकदा ड्रममध्ये काठी घालून त्या जोरात ढवळा, तांबडं पाणी खालच्या कॉकमधून सोडून द्या, आणि पातळी खाली गेली की नवीन चिप्स घाला.

सध्याची टाकी गाळ बसवायला वापरा. रात्री भरून ठेवा, सकाळपर्यंत हलवू नका. तिचं आउटलेट आता तळाशी आहे, म्हणून गाळ सरळ नळाला येतो. आतल्या बाजूने सहा इंचांचा उभा तुकडा बसवला की वरचं निवळलेलं पाणीच बाहेर जाईल. तळाला वेगळा वॉशआउट कॉक काढा आणि आठवड्याला उघडा. टाकी घासायला आत उतरावं लागतं असं कमीत कमी होऊ दे. कुणाकडे जमिनीतली बंद टाकी असेल आणि त्यात हे वासाचं पाणी असेल, तर कुणालाही एकट्याने आत उतरवू नका. कुजक्या अंड्याचा वायू जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते, वास नाही म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि वर येत नाही. आधी झाकणं उघडून टाकी नीट वारवून घ्या, आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही.

टाकीतून पाणी वाळूच्या फिल्टरवर. दुसरा २०० लिटरचा ड्रम, खाली अर्धा फूट खडी, वर दीड फूट धुतलेली नदीची वाळू. समुद्राची नको, मीठ उतरेल. तासाला ५०० लिटरपर्यंत पाणी त्यातून नीट गाळून येतं. धार मंदावली की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची, तुमच्या लोहाला आठवड्यातून एकदा तरी लागेल. त्यानंतर छोटी स्वच्छ टाकी, टीसीएल तिच्यात. उंची कमी पडून घरात धार बारीक झाली तर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लागेल. हा खर्चही हवा देण्याच्या पद्धतीमागून येतोच. पाणी एकदा उघड्यावर सोडलं की त्याचा दाब संपतो.

कुणी गाळ पटकन बसायला तुरटी फिरवा म्हणून सांगेल. तुमच्या पाण्याला नको. तुरटीने सामू आणखी उतरतो आणि आपली सगळी मेहनत उलटी फिरते. कपड्यांवरच्या तांबड्या डागांना ब्लीच लावू नका, डाग पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून ओलंच ठेवा, मग धुवा.

दिरांचं म्हणणं खरं आहे, पण ते त्यांच्या पाण्यासाठी. न्यू जर्सीच्या उत्तर भागात जुने खडक आहेत, त्यांत युरेनियमचा अंश असतो आणि त्यातून रेडॉन नावाचा वायू विहिरीच्या पाण्यात उतरतो. तो किरणोत्सारी असतो आणि वर्षानुवर्षं श्वासावाटे गेला तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पाण्यात हवा घुसळली की रेडॉन ९९ टक्क्यांपर्यंत निघून जातो. पण निघून जातो म्हणजे हवेत जातो. तिथे यंत्र तळघरात असतं. थंडीत घराच्या खिडक्या बंद. म्हणून वायूचा पाइप छपराच्या वर नेऊन सोडावाच लागतो, नाही तर पाण्यातला धोका श्वासात आणल्यासारखं होईल. त्यांचा पाइप छपरावर जातो का आणि त्याचा पंखा चालतो का, एवढं त्यांना नक्की विचारा. तुमचे ट्रे उघड्या गच्चीवर आहेत, जो काही वायू सुटतो तो वाऱ्यावर जातो. पुढे कधी जागेच्या अडचणीने ते जिन्याखालच्या खोलीत हलवायचा विचार निघाला, तर मात्र हलवू नका.

हे सदर देशावरचेही लोक वाचतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या जड पाण्याला असा शॉवर लावला तर उलटा त्रास होतो. कार्बन डायऑक्साइड उडाला की चुना पाण्यात धरून राहत नाही आणि ट्रेच्या भोकांवर, पाइपात, गिझरमध्ये पांढरे क्षार चढतात. तिथे चिप्सची गरज नाही, पण ट्रे वरचेवर घासावे लागतात. आणि यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरमधल्या फ्लोराइडसाठी कुणी हवा देण्याचं यंत्र विकायला आलं तर घेऊ नका. फ्लोराइड, नायट्रेट आणि खारटपणा यांना हवा लावून काही होत नाही. हवेने उडून जाणारं किंवा हवेने गंजणारं, एवढंच तिच्या हातात आहे.

शेवटचं, ताई, पुन्हा तपासणीचं. तुमच्या रिपोर्टमध्ये मँगनीज बघितलेलं नाही, ते या वेळी मागून घ्या. लोहाच्या सोबत ते बरेचदा असतं, डाग काळे पाडतं आणि नुसत्या हवेने निघत नाही, त्याला सामू नऊच्या वर लागतो किंवा वेगळी वाळू. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत हे सगळं होतं. लोहाच्या नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घ्या, त्यात आम्लाचे थेंब घालून देतात. साध्या बाटलीत नेलं तर वाटेतच लोह गंजून भिंतीला चिकटतं, वरचं पाणी तपासलं जातं आणि रिपोर्टमध्ये लोह भलतंच कमी दिसतं. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुने तीन घ्या: बोअरचा, चिप्सच्या ड्रमनंतरचा आणि स्वयंपाकघराच्या नळाचा. तिन्हीवर तारीख आणि वेळ लिहा.

हे बसवून झाल्यावर पंधरा दिवसांनी सासूबाईंना नळाच्या पाण्याचा कोरा चहा करून द्या. लोह राहिलं असेल तर तो शाईसारखा काळपट होईल, चहातलं तुरट द्रव्य लोहाला लगेच पकडतं. तांबूस पिवळा, स्वच्छ उतरला तर लोहाचं काम झालं असं समजा, आणि उकळणं मात्र जंतूंचा नवा रिपोर्ट हातात येईपर्यंत सोडू नका.